माझ्या किडनीसाठी उपास

"आणि ही शेवटची चिठ्ठी," असं म्हणून पाळकसाहेबांनी चष्मा नाकावर नीट केला. "भगिनी मार्था भिंगारदिवे यांचे अंतःकरण प्रभूने मऊ करावे, म्हणून मंडळीने प्रार्थना करावी."

दोनशे माणसांनी डोळे मिटले. मिटण्याआधी प्रत्येकानं एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

आमच्या चर्चच्या दाराशी लाकडी डबा आहे. ज्याला प्रार्थनेची विनंती करायची असेल त्यानं चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. नाव घालायची सक्ती नाही. रविवारी पाळक त्या मोठ्यानं वाचतात. डबा लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण मी मिशनच्या बोर्डिंगात मेट्रन होते, साठ मुली सांभाळायचे. नाव न घालता तक्रार करता आली की माणसं देवाच्या पत्त्यावर एकमेकांना पत्रं लिहितात, हे मला तिथं कळलं होतं. अक्षर बघायचीही गरज नव्हती. माझा थोरला भाऊ शमुवेल समोर हार्मोनियमवर बसला होता, आणि मिटलेल्या डोळ्यांनी चक्क हसत होता.

दादा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस. वहिनीचा रक्तगट जुळला नाही, आईला साखर, मुलं लहान. आम्ही दोघी बहिणी उरलो. धाकटी तबीथा, आमची तबी, अठ्ठावीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची, आणि तिचं लग्न जालन्याच्या उल्हास ओहोळशी ठरलं होतं. मग उरले मी, एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. उरणं हा माझा जन्मजात गुण.

चर्चमधून घरी आलो तर आई उंबऱ्यातच बसली.

"आगं, तू काय दगड हाये का? सख्खा भाऊ हाये तुहा. देवानं दोन दिल्यात, त्या कशापायी?"

"आई, मी विचार करतेय."

"इचार?" दादा खाटेवर आडवा होत म्हणाला. "मार्थे, प्रभूनं वधस्तंभावर जाताना विचार करायला मुदत मागितली होती का गं?"

त्याच्या या बोलण्यावर हसायची आमच्या घरात पद्धत होती. आई हसली. मी पण हसले. ही पद्धत आमच्या हाडीमाशी कशी मुरली, ते एकदा सांगितलंच पाहिजे.

मी सव्वीस वर्षांची असताना वडिलांना अर्धांगवायू झाला. त्याच महिन्यात संगमनेरचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक होता आणि मला मनापासून आवडला होता. पुढच्या रविवारी साक्ष देण्याच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायच्या वेळी, दादा उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बहिणीनं लग्नाचा विचार सोडून वडिलांच्या सेवेला स्वतःला वाहून घेतलंय. प्रभूची स्तुती असो!" मंडळीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या त्यागाची बातमी मला इतर सगळ्यांबरोबरच कळली. तिथल्या तिथं उठून 'हे खोटं आहे' म्हणायला हवं होतं. मी मान खाली घातली आणि लोकांनी त्याला नम्रता म्हटलं. वडील सात वर्षं अंथरुणावर होते. दादा रविवारी यायचा, त्यांच्या उशाशी एक भजन म्हणायचा आणि पोटभर जेवून जायचा.

म्हणून मला किडनी द्यायची नव्हती. चिरफाडीची भीती नव्हती, आणि दादा मरावा असंही वाटत नव्हतं. आयुष्यातली एक तरी गोष्ट, निदान कातडीच्या आतली, माझी म्हणून राहावी एवढंच वाटत होतं. हे कारण पुरेसं आहे की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला पुरेसं होतं. फक्त ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टर रेगे नावाच्या बाईंनी सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं आणि मला समोर बसवलं.

"तुम्ही तुमच्या मनानं देताय ना?"

"हो."

"मग हो म्हणताना दाराकडे का बघताय?"

एका खाकरण्यात साठ मुलींना गप्प करणारी बाई मी, पण तिथं पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

"द्यायची नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"मग तसं सांगा त्यांना. तुमच्यावर कुणीही जबरदस्ती करू शकत नाही."

"ते मला जमायचं नाही, डॉक्टर. तुम्ही आमच्या माणसांना ओळखत नाही."

त्या थोडा वेळ पेन फिरवत बसल्या. "ठीक आहे. दाता म्हणून योग्य नाहीत, एवढंच मी लिहिते. कारण द्यायला आम्ही बांधील नाही. तुमच्या दोन्ही किडन्या उत्तम आहेत, हे मात्र तुम्हाला माहीत असू द्या." मी उठले तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

बाहेर दादा चाकाच्या खुर्चीत बसला होता. कागद वाचून त्यानं मान वर केली. "योग्य नाही? का?"

"एक जन्मापासून बारीक आहे म्हणे," मी म्हणाले. डॉक्टरांनी न लिहिलेलं कारण मी जागच्या जागी बनवलं, आणि ते इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

दादानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग मोठी मला दे. बारीक तुला पुरेल. तुला कुठं पोरंबाळं आहेत?"

त्या दिवशी बसस्टँडवर मी दोन प्लेट वडे खाल्ले. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

पण मी मंडळीला विसरले होते. गुरुवारी पाळकसाहेब घरी आले. मनानं भला माणूस, पण भलेपणाला काही ताळतंत्र नको का?

"मार्थाबाई, निराश होऊ नका. आंधळ्याला दृष्टी देणाऱ्याला एक बारीक किडनी मोठी करणं काय अवघड? आपण तीन दिवस उपास-प्रार्थना ठेवू. इथं, तुमच्या घरी."

आणि माझ्या धडधाकट किडनीसाठी तीन दिवस उपास झाला. रोज पंचवीस-तीस बायका सतरंजीवर बसायच्या. मला मधोमध स्टुलावर बसवायचे, कमरेला तेल लावायचे आणि दहा-दहा हात एकदम ठेवायचे. कमरेला इतके तळवे चिकटलेले असताना रडू येतं की हसू येतं, ते माणसाला कळेनासं होतं. दोन्ही आलं. बायका म्हणाल्या, पवित्र आत्मा आला.

"काही गरम गरम वाटतंय का, मार्थाबाई?"

"नाही."

"मुंग्या?"

"नाही हो."

"हिच्याच इश्वासात खोट हाये," आई सगळ्यांसमोर म्हणाली. "पोटातून इश्वास पायजे. हिच्या पोटात काय हाये ते मला ठाव."

तिसऱ्या दिवशी दादाला खुर्चीत बसवून समोर आणलं. उपासानं गळालेल्या बायका त्याच्याकडे बघून डोळे पुसत होत्या. खरोखरच त्याची दशा बघवत नव्हती. पाय सुजलेले, चेहरा मातीच्या रंगाचा. त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीच नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. तरी द्यायची नव्हती.

"सोमवारी मार्थाबाईंना पुन्हा तपासणीला नेऊ," पाळकसाहेबांनी जाहीर केलं. "साक्षीचा कागद घेऊनच परत येऊ."

मंडळी एका आवाजात आमेन म्हणाली. पुन्हा तपासलं, तर दोन्ही किडन्या उत्तम निघणार. चमत्कार झाला म्हणून गावभर पेढे वाटणार, आणि मी थेट टेबलावर. नाहीतर माझं खोटं उघडं पडणार. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

तबी तिथं होती. उपास सोडायला केलेल्या खिचडीवर झाकण ठेवत होती. तिनं दार लोटलं आणि मला ओट्याशी ओढलं.

"अक्का, तुला एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"खरंच बारीक आहे?"

"हो गं."

तिनं ओठ चावला. गेल्याच रविवारी तिची पहिली हाक झाली होती. लग्नाआधी तीन रविवार पाळक वधूवरांची नावं चर्चमध्ये पुकारतात, कुणाची हरकत असली तर त्यानं सांगावी म्हणून. त्याला आम्ही हाका म्हणतो. हाक ऐकून पोरगी कानापर्यंत लाल झाली होती, आणि घरी येईपर्यंत उगाचच हसत होती.

"काल दादानं मला जवळ बोलावलं," ती म्हणाली. "माझा गट जुळतो, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाला, तुझ्या लग्नात वाजवायला मी असेन की नाही ते तूच ठरव."

"तू नाही म्हण, तबी."

"कसं म्हणू?"

"तोंडानं. तुझं लग्न आहे."

"तू म्हटलं असतंस का?" तिनं माझा हात धरला. तिचे हात गरम आणि खिचडीच्या वाफेनं ओले होते. "खरं सांग अक्का. तुझ्या दोन्ही चांगल्या असत्या, तर तू दिली असतीस ना?"

बाहेर भजन सुरू झालं होतं. तबी माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी रस्ता ओलांडताना बघायची ना, अगदी तशी. मी पाऊल टाकलं की ती टाकणार.

"हो," मी म्हणाले. "दिली असती."

तिनं मान डोलावली, पदरानं हात पुसले आणि ती बाहेर गेली. भजन मध्येच थांबलं. मग आई मोठ्यानं रडू लागली, कुणीतरी हालेलुया म्हटलं, आणि टाळ्या वाजल्या. सोमवारची माझी तपासणी रद्द झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते हेच. ओट्याला टेकून मी मोठा श्वास घेतला आणि खिचडी वाढायला ताटल्या काढल्या.

शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी झाली. तोवर दुसरी हाक पुढं ढकलली होती. डॉक्टरांनी ओहोळांना समजावलं, की एका किडनीवर माणूस नीट जगतो, संसार होतो, मुलं होतात. ओहोळांनी सगळं ऐकून घेतलं. मग उल्हासचे वडील एका दुपारी आले, चहा प्यायले, तबीच्या त्यागाचं तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले, "अशी मुलगी हजारांत एक. पण आमचा एकुलता एक आहे. तुम्ही समजून घ्या." आम्ही समजून घेतलं. आमचं घर त्यात पटाईत. उल्हास स्वतः आलाच नाही.

दादा उठला, हिंडू-फिरू लागला, पुन्हा हार्मोनियमवर बसला. दर ईस्टरला साक्ष द्यायचा, "प्रभूनं मला नवी किडनी दिली!" तबी तिसऱ्या बाकावर बसून ऐकायची. प्रभूनं ती कुठून आणली, ते त्यानं एकदाही सांगितलं नाही. गोळ्या चुकवायचा, मटणावर ताव मारायचा. कुणी बोललं तर म्हणायचा, "देवाची देणगी आहे, देव सांभाळेल." तबी त्याच्या घरी पथ्याचा स्वयंपाक करायला जायची. घरात वहिनी आणि मुलं असूनही 'मला दुसरं कोण आहे?' असं तो म्हणाला की ती निघायची. तिनं बालवाडी सोडली, घरी शिवणकाम धरलं. स्थळं आली, पण पोटावरचा व्रण ऐकून परत गेली. ती किडनी बारा वर्षं चालली. दादाच्या आधी आई गेली, मग दादा गेला.

आणि या बारा वर्षांत मी दर महिन्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेत होते. आमच्यात शिकवण आहे, की कुणाचं काही तुमच्यावर असेल तर आधी जाऊन ते मिटवा आणि मग भोजनाला या. दादा गेल्यावर पहिल्यांदा ती भाकर माझ्या घशाखाली उतरेना. पुढच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, मी डब्यात पुरणपोळ्या घेतल्या आणि बसस्टँडपलीकडे, आई गेल्यापासून तबी वेगळी राहत होती त्या खोलीवर गेले.

ती ब्लाउजचं कापड कापत होती. चाळिशीची झाली होती, केस कानशिलावर पांढरे. मला बघून हसली. "ये अक्का. बस. कशाला उन्हात?"

बसले तर पुन्हा बोलणं होणार नाही म्हणून मी उभ्यानंच सांगितलं.

"तबी, माझ्या दोन्ही किडन्या चांगल्या होत्या."

कात्री कापडाच्या टोकापर्यंत गेली. मगच थांबली. "कधी?"

"तेव्हाच. पहिल्यापासून. मला द्यायची नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून कागद दिला, आणि बारीक आहे हे मी बनवलं."

"द्यायची नव्हती, मग नव्हती," ती शांतपणे म्हणाली. "किडनी तुझी होती."

मला वाटलं, संपलं. इतकं सोपं होतं तर बारा वर्षं का कुढत बसले? मी स्टुलावर बसले. तिनं कात्री बाजूला ठेवली.

"त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला काय विचारलं होतं, ते आठवतं?"

"आठवतं."

"मलाही द्यायची नव्हती, अक्का. मला उल्हासशी लग्न करायचं होतं. आपल्या घरात एकाही बाईनं नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, आजारी निघालं तरच सुटका. पुण्यात तपासणीच्या आदल्या दिवशी मी गुडघे टेकून मागितलं, की प्रभू, माझ्यातही काहीतरी खराब निघू दे. नाही निघालं." तिचा आवाज कुठंच चढला नव्हता. "एका माणसानं नाही म्हटलेलं ऐकलं असतं ना, एकाच, तर मी पण म्हटलं असतं. आणि ते माणूस माझ्यासमोर उभं होतं."

मी रडायला लागले. तिच्या पायाला हात लावायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले.

"मला क्षमा कर, तबी."

"केली."

इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. मी डोळे पुसले. तिनं डबा उचलला आणि माझ्या हातात परत दिला.

"हा घेऊन जा. आणि यापुढं इथं येऊ नकोस."

"अगं, आत्ताच क्षमा केलीस ना?"

"केली. मनापासून केली. पण क्षमा करायला सांगितलंय, घरात घ्यायला नाही सांगितलेलं. चर्चमध्ये भेटलीस तर सलाम करीन. आजारी पडलीस तर प्रार्थना करीन. या दारातून आत मात्र यायचं नाही."

"तबी, मला आता दुसरं कोण आहे?"

शब्द तोंडातून गेले आणि मी जीभ चावली. तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. रागानं नव्हे. एखादा कपडा पुन्हा दुरुस्त होणार नाही हे कळल्यावर शिंपी बघतो, तसं.

"दादा हेच म्हणायचा," ती म्हणाली आणि तिनं दार उघडून धरलं.

मी चपला घातल्या. माझ्यामागं दार बंद झालं, आतून कडी लागली. मी पायरीवरच थांबले. बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि तबीनं आयुष्यात कुणाला उन्हात उभं ठेवलेलं नव्हतं. मेट्रन म्हणून मी साठ मुलींची मनं ओळखायचे, ही तर माझ्या हातावर वाढलेली. आता कडी काढील, म्हणेल, अक्का, पाणी तरी पिऊन जा. मी थांबले. आणखी थोडी थांबले. डबा या हातातून त्या हातात घेतला.

आत शिलाई मशीन सुरू झालं. न अडखळता, सरळ चालत राहिलं.

मग मी बसस्टँडकडे निघाले.